चादरीतलं मोरपीस खोक्यावर आलं की बिघडतं, ते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा घरचा चादर-टॉवेलचा कारखाना, तिसरी पिढी. इतकी वर्षं माल ठोक भावानं जायचा, दोन वर्षांपासून स्वतःच्या नावानं किरकोळ आणि ऑनलाइन विक्री सुरू केली. लोगो बाहेरगावच्या एजन्सीकडून करून घेतला. त्यांनी सोबत मोरपिसांचा पॅटर्न, लाटेसारखी एक रेघ आणि सहा रंग दिले. आज कार्टन, टॅग, पिशवी, पाटी आणि मोबाइलवरची जाहिरात शेजारी मांडली तर पाच कंपन्यांचा माल वाटतो. मोठे बंधू म्हणतात, पॅटर्न सगळीकडे लावा, म्हणजे एकसारखं दिसेल. तुम्ही म्हणता, पॅटर्नच काढून टाका, लोगो पुरे. बरोबर कोण?

दोघंही निम्मे. बंधूंचं हे खरं की नुसत्या लोगोवर भागत नाही. तुमचं हे खरं की आत्ताचा पॅटर्न कामाचा नाही. पण तो काढून टाकण्याआधी तो कुठे कुठे मोडला ते बघा.

तुम्ही पाठवलेले पाच फोटो मी मोठे करून एका कागदावर छापले. टॅगवरच्या मोरपिसाच्या डोळ्यात तीन वलयं आहेत. कार्टनवर तीच वलयं भरून काळा ठिपका झालाय. पाटीवर पीस आडवं ताणलंय, कारण फ्लेक्सवाल्यानं जागा भरायला एका बाजूनं ओढलंय. पिशवीवर ते उलट्या दिशेला झुकलंय. आणि दिवाळीच्या जाहिरातीतलं पीस तर तुमचं नाहीच. त्याचा देठ जाड आहे, रंगात जांभळी छटा आहे, कुणीतरी नेटवरून उतरवून घेतलंय. मूळ फाइल हाताशी नसेल, संध्याकाळी पोस्ट टाकायची असेल, मिळालं ते लावलं. यात कुणाची लबाडी नाही. प्रत्येकानं आपापल्या परीनं चांगलंच करायचा प्रयत्न केलाय, आणि घोळ त्यातूनच झालाय.

माझे वडील जेकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरींचे ग्राफ काढायचे. ग्राफपेपरच्या एकेका चौकोनात लाल पेन्सिलीनं भरत जायचं. चौकोन भरला की ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर, रिकामा की खाली. त्यावरून पंच कार्डं कापली जायची, बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्याला एक कार्ड, आणि ती माळेसारखी गुंफून मागावर चढवली की पुढे शंभर चादरी काढा नाहीतर हजार, पीस तेच. जेकार्ड मागाची ही युक्ती १८०४ सालची, फ्रान्सची. आज बऱ्याच ठिकाणी कार्डांच्या जागी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं, तरी तत्त्व तेच आहे. मागावरचा कामगार मनात आलं म्हणून पीस थोडं जाड करू शकत नाही. तुमच्या कारखान्यात चादरीत हा प्रश्न कधी येत नाही आणि खोक्यावर लगेच येतो, त्याचं कारण हेच. छपाईत कार्डांची माळ नसते. जो येतो तो पीस नव्यानं काढतो.

वडिलांची दुसरी एक सवय मला फार उशिरा कळली. ग्राफवर गोलाई काढली की ती पायऱ्या-पायऱ्यांची होते. शिकाऊ माणूस आधी सुंदर गोलाई काढायचा आणि मग ती चौकोनांत बसवताना रडकुंडीला यायचा. वडील सुरुवातच अशा गोलाईनं करायचे जी पायऱ्या झाल्यावरही चांगली दिसेल. कागदावर ती थोडी ओबडधोबड वाटायची, चादरीवर मात्र शोभायची. ब्रँडच्या ग्राफिक घटकांबद्दल मला जे सांगायचंय ते एवढंच आहे: तुमच्या सगळ्यात वाईट छपाईत जे टिकेल ते निवडा, आणि मग ते पुन्हा कुणालाही काढू देऊ नका. एजन्सीनं उलट केलं. लॅपटॉपच्या पडद्यावर जे देखणं दिसलं ते तुम्हाला दिलं.

तुमची सगळ्यात वाईट छपाई कुठली, तर कोरुगेटेड कार्टनची. तपकिरी कागद शाई पितो, प्लेट मऊ असते, खालच्या नागमोडी थराच्या उंचवट्यांवर दाब कमीजास्त पडतो, रेघ पसरते. दोन रेघांमधली फट बुजते ती यामुळे. कार्टनवर मी एक मिलिमीटरच्या आतली रेघ ठेवत नाही आणि दोन रेघांमधली फट त्याहून मोठी ठेवते. दुसरी वाईट जागा विणलेलं लेबल. दोन सेंटिमीटर रुंदीच्या लेबलात पुन्हा आलाच जेकार्ड, पुन्हा पायऱ्या. तिसरी, कापडी पिशवीवरचं स्क्रीन प्रिंटिंग. आणि चौथी, तुम्ही मोजत नसाल पण ग्राहक तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा तिथेच बघतो: मोबाइलमधला डीपीचा गोल, करंगळीच्या नखाएवढा.

तुमच्या मोरपिसाला दोन्ही बाजूंनी मिळून चाळीसेक तंतू आहेत. या चारपैकी एकाही ठिकाणी ते जगणार नाहीत. त्यामुळे पीस ठेवा, पण त्याचा फक्त डोळा ठेवा. बाहेर थेंबाचा आकार, आत एक गोल, गोलाला खालून छोटी खाच. तीन आकार, एक रंग. तो कार्टनवर फुटणार नाही, लेबलात विणता येईल, नखाएवढ्या गोलात ओळखू येईल. पूर्ण तंतूंचं पीस हवंच असेल तर एका जागी ठेवा: भेट पॅकच्या झाकणाच्या आत, जिथे छपाई चांगल्या कागदावर होते आणि पाहणाऱ्याला सवड असते.

लाटेची रेघ मात्र काढून टाका. ती कशाची आहे हे मला फोटो बघूनही कळलं नाही.

आता ‘लोगो पुरे’ या तुमच्या म्हणण्याकडे येते. सोलापुरात हे म्हणणं इतर कुठल्याही गावापेक्षा कमी चालतं. आपल्याकडे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषा ऐकू येतात. माझ्याच घरी तेलुगू आणि दुकानात मराठी. संक्रांतीच्या गड्डा जत्रेला विजयपूर, कलबुर्गीकडून माणसं येतात, चादरी घेऊन जातात. त्यातल्या कित्येकांना तुमचं नाव देवनागरीतही वाचता येत नाही आणि इंग्रजीतही नाही. पुढच्या वर्षी ते दुकानात येऊन नाव सांगत नाहीत, ‘वो डोळे का निशानवाली’ म्हणतात. हे काही खेड्यातल्या माणसापुरतं नाही. स्टेट बँकेचं ते निळं वर्तुळ आणि त्यातली खाच शेखर कामत यांनी १९७१ साली काढली. रस्त्याच्या पलीकडून पाटीवरची अक्षरं लागत नसली तरी बँक कुठली ते कळतं. अमूलची मुलगी १९६६ पासून नवनवे विषय घेऊन येते, पण ठिपक्यांचा फ्रॉक आणि निळे केस यांना कुणी हात लावत नाही. विषय बदलायची मोकळीक तिला मिळते ती फ्रॉक बदलत नाही म्हणून.

बंधूंच्या ‘सगळीकडे लावा’त हीच गल्लत आहे. एकसारखं दिसणं म्हणजे तोच शिक्का सगळीकडे मारणं, असं त्यांना वाटतंय. काही गोष्टी कायम बांधायच्या असतात आणि काही मोकळ्या सोडायच्या असतात. तुमच्या बाबतीत मी अशा बांधीन: आतल्या गोलाचा व्यास हे एक माप धरायचं. जिथे रेघ किंवा चौकट येईल तिथे तिची जाडी त्या मापाच्या एक चतुर्थांश. किनारीत डोळे ओळीनं लावायचे तर दोन डोळ्यांमधलं अंतर त्याच्या दुप्पट. डोळा नेहमी उजवीकडे तीस अंश झुकलेला, कधीही उलटा नाही, ताणलेला नाही, सावली नाही, सोनेरी चकाकी नाही. मोकळं काय, तर आकार, संख्या आणि कापणं. पाटीवर एकच मोठा डोळा, निम्मा कडेबाहेर गेलेला. टॅगच्या खालच्या कडेला पाच छोटे. बिलावर वरच्या कोपऱ्यात एकच, फिका. तिन्ही वेगळे दिसतात आणि तिन्ही तुमचेच.

एका पृष्ठभागावर एकच प्रकार, एवढं मात्र पाळा. किनार असेल तर मोठा डोळा नको. आणि जिथे चादरीचा फोटो आहे तिथे पॅटर्न अजिबात नको. ही चूक आपल्या गावात सर्रास दिसते. चादर स्वतःच नक्षीनं भरलेली, तिच्या फोटोमागे पुन्हा नक्षी, वर नाव, वर ‘फेस्टिव्हल ऑफर’चा तारा. विकायची वस्तूच हरवते. फोटोच्या मागे एक रंग सपाट ठेवा, घडीची कड दिसू द्या. चादरीतलं मोरपीस बोलत असताना छापलेल्या मोरपिसानं गप्प बसायचं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगते. मोरपीस तुमच्या एकट्याचं नाही. सोलापुरी चादरीत ते इतक्या घरांनी विणलंय की त्यावर कुणी हक्क सांगू शकत नाही आणि सांगूही नये. तुमचं काय होऊ शकतं, तर त्याची विशिष्ट मांडणी: हाच झुकाव, हीच खाच, कडेबाहेर जाणारा हाच निम्मा भाग. तशी ठरवून ती चिन्ह म्हणून वर्ग २४ मध्ये ट्रेडमार्कला टाका. चादरी, टॉवेल त्याच वर्गात येतात. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण होतं. अर्ज करण्याआधी आकार पक्का करा, कारण अर्ज एका आकाराचा आणि बाजारात दुसराच, असं झालं की पुढे भांडताना तुमचीच बाजू लंगडी पडते. जीआयचं चिन्ह ही वेगळी गोष्ट. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद हवी. नोंद असेल तर चिन्ह मोकळ्या जागेत, स्वतंत्र ठेवा. त्याला किनारीत गुंफून नक्षी करू नका.

रंगांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालंय. सहा रंग कुणालाच सांभाळता येत नाहीत. दोन घ्या, मरून आणि मळकट पांढरा. तिसरा काळा मजकुरापुरता. मरून तपकिरी कार्टनवर बसतो, कच्च्या सुती पिशवीवर बसतो आणि धाग्यात सहज मिळतो. मोरपीस म्हटलं की सगळे निळ्या-हिरव्याकडे धावतात. पण तोच निळा तपकिरी कार्टनवर छापला की शेवाळ्यासारखा होतो. मोरपीस आकारानं ओळखू येतं, त्याला निळं असायची गरज नाही.

आता नुकसानीची गोष्ट. बारा वर्षांपूर्वी एका टॉवेलवाल्यांचे पाच हजार टॅग मी रात्री साडेनऊला प्रेसवर उभं राहून मंजूर केले. ट्यूबलाइटखाली टॅगचा मरून आणि लेबलच्या धाग्याचा मरून शंभर टक्के जुळत होता. सकाळी गठ्ठा उन्हात उघडला तर टॅग विटकरी आणि धागा वांग्याच्या रंगाचा. शाई वेगळ्या रंगद्रव्याची, धागा वेगळ्या, त्यामुळे एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण टॅग मी माझ्या खर्चानं पुन्हा छापले. तेव्हापासून रंग फक्त दिवसा, दुकानाबाहेर सावलीत उभं राहून मंजूर करते. तुम्हीही पक्क्या रंगाचे नमुने जपा: धाग्याची एक लडी, कार्टनचा एक तुकडा, टॅगच्या कागदाचा एक तुकडा. प्रेसवाल्याला आकड्यांबरोबर तो तुकडा द्या. पडद्यावरचा रंग बघून कुणाशीही वाद घालू नका, प्रत्येक मोबाइलचा मरून वेगळा.

फ्लेक्सचं तर विचारूच नका. आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत त्यातला गुलाबी आणि पिवळा उडतो, निळा आणि काळा उरतो. पुणे रोडच्या कडेचे जुने बोर्ड बघा, सगळे नेते निळे पडलेत. मरूनसाठी फ्लेक्स म्हणजे मरणच. पाटी कायमची असेल तर रंगीत अ‍ॅक्रिलिक किंवा पत्र्यावर रंगवलेली अक्षरं घ्या. एकदाच खर्च होतो आणि रंग बराच काळ तुमचा राहतो.

पाटीवरून आठवलं. मराठी पाट्यांचा नियम कडक झाला तेव्हा आधी इंग्रजीत नीट बसवलेल्या पाट्यांवर लोकांनी घाईघाईत मराठी नाव मिळेल त्या फाँटमध्ये चिकटवलं. नियम असा की मराठी देवनागरीत, सुरुवातीला, आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. म्हणजे तुमच्या पाटीवर पहिली नजर मराठी नावावर पडते, आणि नेमकं तेच तुमच्याकडे सगळ्यात अनाथ आहे. एजन्सीनं इंग्रजी नाव घडवलं, मराठी घडवलंच नाही. कार्टनवर ते एका फाँटमध्ये, टॅगवर दुसऱ्या, पिशवीवर तिसऱ्या. आणि पिशवीवरचा ‘ल’ हिंदी वळणाचा आहे. तुमच्या लक्षात आलं नसेल, सोलापुरातल्या मास्तरांच्या नक्की येईल.

यावर उपाय सोपा आहे. मराठी नाव एकदा घडवून घ्या, नंतर ते चित्र म्हणूनच वापरा, कधीही टाइप करू नका. बाकी मजकुराला मुक्तासारखा युनिकोड फाँट ठरवा. तो मोफत आहे, त्यात बारीक ते जाड वजनं आहेत, मोबाइलवर आणि प्रेसवर सारखाच उघडतो. जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेला की त्याची खिचडी होते, आणि मग प्रेसमधला पोरगा जमेल तसं पुन्हा टाइप करतो. मराठी नाव आणि डोळ्याचं चिन्ह यांची सांगड घालायला माझी एक जुनी युक्ती आहे: शिरोरेघेची जाडी आणि चौकटीच्या रेघेची जाडी एकच ठेवायची. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण दोन्ही एका हातची वाटतात. वर सांगितलेलं एक चतुर्थांशाचं माप मी शिरोरेघ डोळ्यासमोर ठेवूनच सांगितलंय.

हे सगळं ठरलं तरी सहा महिन्यांत पुन्हा बिघडेल, जर फाइल कुणाकडे आहे हे ठरलं नाही तर. एजन्सी तुम्हाला साठ पानांची ब्रँड बुक देईल. ती कुणी उघडत नाही. दोन पानं करा. पहिल्यावर डोळा, त्याची मापं, दोन रंग, नाव. दुसऱ्यावर तुमच्याच या चुका, त्यांच्यावर लाल फुली. लॅमिनेट करून डिस्पॅचच्या टेबलामागे लावा. फाइली व्हेक्टर पीडीएफमध्ये (कितीही मोठं केलं तरी कडा फुटत नाहीत), अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे आकार करून, ठेवा. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची फाइल एका व्हर्जनची दुसऱ्यात हलते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलेली फाइल दाबली जाते, कडा फुटतात, मग समोरचा ‘साफ करून’ घेतो, आणि साफ करणं म्हणजे नव्यानं काढणं.

फाइलींची राखण तुम्ही करू नका, बंधूंनीही नको. तुम्हा दोघांना मधूनमधून काहीतरी नवीन सुचणार. जो माणूस प्रेसला ऑर्डरी देतो, बहुतेक तुमचे दिवाणजी, त्यांना द्या. त्यांना डिझाइन कळायची गरज नाही. नमुना आला की लॅमिनेट केलेल्या पानाशेजारी धरायचा, जुळला नाही तर परत. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे हे काम करणारे काका दहावी झालेले आहेत, आणि त्यांच्या हातून आजवर एक उलटा छापा सुटलेला नाही.

जुन्या मालाचं काय, असं बंधू विचारतीलच. कार्टन फेकू नका, संपू द्या. आधी मोबाइलवरचं सगळं बदला, त्याला पैसे लागत नाहीत. मग टॅग आणि लेबल एकाच वेळी, कारण ते ग्राहकाच्या हातात एकत्र येतात. कार्टनची नवी प्लेट जुना साठा महिन्यावर आला की टाका, पण शंभर नग काढून एक कोरडं कार्टन टॅगशेजारी ठेवून बघितल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका. ओली शाई फसवते. पाटी सगळ्यात शेवटी. आत्ता फाल्गुन लागलाय, लावायचीच असेल तर पाऊस पडून गेल्यावर लावा.